कलेक्टरचं प्रस्थान

कॉफीचा शेवटचा घोट डवऱ्याच्या पसरट वाटीत ओतून राघोत्तमरावांनी डवरा जमिनीवर ठेवला, आणि लपलपण्याचा आवाज आला नाही. चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. नऊ वर्षांत हा घोट कधी उरला नव्हता. मधे त्यांना टायफॉइड झाला, तेव्हाही मुलानं, मुरलीनं, तो ओतायचा असं ठरलं होतं आणि मुरलीनं तो मुकाट्यानं ओतला होता.

ते उठले. मागच्या अंगणात नारळाखाली कलेक्टर नव्हता. धुण्याच्या दगडामागे नव्हता. गाडीखालीही नव्हता. वळून पुढे आले, तर गेट हातभर उघडं.

"कनका, कलेक्टर कुठं?"

त्यांची बहीण कनका हॉलमध्ये मोगरा ओवत बसली होती. वय शहात्तर, हात अजून झरझर चालणारे. आता ते हात थांबले.

"मला काय ठाऊक, अण्णा? मी गेटाकडे गेलीच नाहीं."

गेटाचं कुणी विचारलं नव्हतं. पण राघोत्तमरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आधी फ्रिजपाशी गेले आणि दारावर चिकटवलेला कागद त्यांनी पुन्हा वाचला, जणू मधल्या काळात त्यातला मजकूर बदलला असेल.

'आणखी एकदा गेटबाहेर सुटला तर तिरुवळ्ळूर.' अक्षर सून कल्पनाचं. खाली पाच सह्या, आणि कोपऱ्यात हळदीत बुडवून उमटवलेला एक पंजा. तो नातीचा, लावण्याचा, उद्योग.

तिरुवळ्ळूरला कल्पनाच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आमराई होती. तिथं सहा कुत्री आणि भरपूर मोकळी हवा होती, असं कल्पना सांगे. जानेवारीत कलेक्टरनं समोरच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींची पँट गुडघ्यापासून खाली वेगळी केली, त्या संध्याकाळी हा कागद तयार झाला. राघोत्तमरावांनी सही केली, कारण सही केली नसती तर कुत्रा त्याच रात्री गेला असता. आज मात्र हिशेब आणखी वाईट होता. लावण्या रात्री नऊ-चाळीसच्या विमानानं ॲमस्टरडॅमला नोकरीवर निघाली होती. मुरली आणि कल्पना सकाळी आठला बाहेर पडत, सातला परतत. कनकाच्या मालिका अकराला सुरू होत. त्या मधल्या वेळात राघोत्तमरावांचं बोलणं ऐकून घेणारं घरात एकच माणूस होतं, आणि ते माणूस नव्हतं.

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"अप्पा, कुठे निघालात?" जिन्यावरून कल्पना म्हणाली.

"जाणाऱ्याला 'कुठं' म्हणून विचारूं नक्को!" हॉलमधून कनका ओरडली. "त्यांत राहुकालम लागला अहे. साडेचार ते सहा. अण्णा, बस. पाणी पी."

"मी काय लग्न ठरवायला जातों? कुत्रा शोधायला जातों."

हे बोलून जाताच त्यांना कळलं की आपण ते बोलून गेलो. कल्पना जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबली.

"कुत्रा शोधायला?"

•

कल्पना एका सॉफ्टवेअर कंपनीत मनुष्यबळ विभागात होती आणि चौकशी कशी करतात हे तिला शिकवावं लागत नसे. लग्न होऊन साताऱ्याहून ती मद्रासला, वेलचेरीच्या या घरात आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली दोन वर्षं सासरचं तंजावरी मराठी समजून घेण्यात गेली आणि उरलेली चोवीस सासरचे समज दुरुस्त करण्यात. राहुकाळ, मांजर, शिंक, मंगळवारी नखं: तिनं एकेका गोष्टीवर व्याख्यान दिलं होतं. कनकात्या सगळं ऐकून घेत आणि नखं बुधवारी कापत.

तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"चार वाजता कुत्रा घरात होता. बरोबर?"

"चार वाजता माझ्या निळ्या बॅगवर झोपला होता," लावण्या म्हणाली. ती आत्ताच मैत्रिणींना भेटून मैलापूरहून परतली होती, हातात अजून ऑटोचे सुटे पैसे होते. "म्हणजे मी अडीचला निघाले तेव्हा तरी. आई, हे सगळं नंतर करूया ना? आधी त्याला शोधू. बाहेर हंड्रेड फीट रोड आहे. बस आहेत, लॉऱ्या आहेत. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

"शोधणारच आहोत," कल्पना म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही निघा. पण गेट कुणी उघडलं हे कळायला हवं की नको?"

"कशाला?" राघोत्तमराव म्हणाले.

"कागदावर लिहिलंय म्हणून."

मुरली चपला घालून दारात उभा होता. बावन्न वर्षांचा मुलगा, एका हातात कुत्र्याचा पट्टा आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा. आत्येकडे बघत, परवानगी मागितल्यासारखा तो म्हणाला, "कनकात्या, कुत्रा शोधणं हे नवं काम धरतात की चालू काम? नवं असेल तर राहुकाळात..."

कनकानं विचार केला. "जानेवारींत सुटला होता. त्याचंच पुढलं समज. चालू काम. जा."

मुरली गेला. कल्पनानं चौकशी पुढे नेली. प्रत्येकाला वेळ विचारली, कोण कुठे होतं हे विचारलं, आणि राघोत्तमरावांना तर दोनदा विचारलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा अर्धा सूर वर होता, कारण गेट कुणी उघडलं हे तिला पक्कं माहीत होतं. तिनंच उघडलं होतं.

चार वाजून अठरा मिनिटांनी ती स्वयंपाकघरात गेली होती. कनकात्या लिंबाच्या लोणच्याची बाटली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होत्या. कल्पनानं आधी फ्रिज उघडला, बंद केला, मग भांड्यांच्या कपाटाकडे बघत म्हणाली, "गाडी साडेपाचला येणार आहे."

"होय. मधोमध राहुकालम."

"मुरली साडेतीनची गाडी बोलवायला तयार नव्हते. लावण्या तर बाहेरच होती."

"होय."

"तुम्ही ते करायचात ना पूर्वी. बॅग आधी बाहेर नेऊन ठेवायची. मग माणूस केव्हाही निघालं तरी..."

"प्रस्थान," कनका म्हणाली. तिनं बाटली खाली ठेवली. ती हसली नाही, आणि या उपकाराबद्दल कल्पना तिची जन्मभर ऋणी राहणार होती. "साडेचाराच्या आंत बॅग उंबऱ्याबाहेर गेली म्हणजे पोर निघाली म्हणून धरायचं. मग राहू काय करतो? कोपऱ्यावरल्या देवळांत, पिल्लैयारापाशी ठेवतें. पण एक अहे. ठेवलेली बॅग परत घरांत आणायची नाहीं. आणली की मोडलं. पोरीनंच जातांना उचलून न्यायची."

"मला विश्वास आहे असं नाही हं."

"नाहीं की. मला ठाऊक अहे."

निळी बॅग सात किलोची होती. कल्पनानं ती गेटापर्यंत उचलली, कडी सरकवली, कनकात्यांच्या खांद्यावर पट्टा अडकवला आणि त्यांच्या परतण्याची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात फोन आला. टॅक्सीचा ड्रायव्हर आजचं विचारतोय की उद्याचं, हे समजेपर्यंत ती बोलत बोलत जिना चढून वर गेली. कनकात्या परत आल्या तेव्हा गेट उघडंच होतं. त्यांना वाटलं, कल्पना येऊन लावेल. कल्पनाला वाटलं, आत्या येताना लावतील.

आता ती सासऱ्यांच्या समोर वही घेऊन उभी होती. खरं सांगायचं तर दोन वाक्यं पुरली असती. पण त्या दोन वाक्यांची किंमत म्हणजे चोवीस वर्षांची व्याख्यानं होती.

"अप्पा, चार वीस ते चार चाळीस. तुम्ही नक्की कुठे होतात?"

"कॉफीची वाट बघत बसलों होतों," राघोत्तमराव म्हणाले. "तीही आज उशिरा आली."

•

मुरलीला रस्त्यावर जाऊन ओरडायला आवडत नसे. त्यात ओरडायचा शब्द तो होता.

घरात कलेक्टर व्हावा ही तीन पिढ्यांची इच्छा होती. राघोत्तमरावांच्या वडिलांची इच्छा तंजावरहून मद्रासला आली आणि रेल्वेत हेडक्लार्क झाली. मग ती मुरलीवर आली. मुरलीनं चार वेळा परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत गेला, आणि आता एका खाजगी बँकेत कर्जाच्या अर्जांवर सह्या करत होता. पंधरा वर्षांच्या लावण्यानं रस्त्यावरून तांबडं पिल्लू उचलून आणलं आणि वडिलांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घ्या. झाला कलेक्टर." मुरली पंधरा दिवस कुत्र्याशी बोलला नव्हता.

"कलेक्टर!" तो ओरडला. "कलेक्टर, वा डा! वा, वा! ये रे!"

समोरच्या अपार्टमेंटचा वॉचमन खुर्चीवरून ताडकन उठून उभा राहिला आणि टोपी सारखी करू लागला. दुसऱ्या मजल्यावरून एका बाईंनी तमिळमध्ये विचारलं, कलेक्टर आलेत का, मग पावसाळी गटाराची तक्रार आत्ताच सांगते. मुरलीनं कुत्रा म्हणून सांगितलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू सरकारी अधिकाऱ्याबद्दल हे बोलणं शोभत नाही.

तो हंड्रेड फीट रोडपर्यंत गेला. बस धडाडत होत्या, शेअर ऑटो माणसं भरत होते. त्यानं डांबरावर दोन्ही बाजूंना नजर टाकली. जे दिसेल अशी भीती होती, ते दिसलं नाही. बिस्किटाचा पुडा त्याच्या घामानं ओला झाला होता. परत येताना तो कोपऱ्यावरच्या पिल्लैयाराच्या, म्हणजे गणपतीच्या, छोट्या देवळावरून दोनदा गेला. दोन्ही वेळा त्यानं सवयीनं डोळे मिटून कानांच्या पाळ्या धरल्या आणि पुढे झाला.

घरी आला तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. लावण्या तीन बॅगा दारात ओळीनं लावून चौथी शोधत होती.

"बाबा, माझी निळी बॅग दिसत नाही."

मुरलीनं गेटाकडे पाहिलं. तीन बॅगांकडे पाहिलं. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या.

"चोरी," तो म्हणाला. "गेट उघडं. बॅग गायब. कुत्रा गायब. चोर आत आला, त्यानं बॅग घेतली, कलेक्टर त्याच्या मागे धावला. अप्पा, बघा! तो सुटला नाही, तो पाठलाग करतोय!"

राघोत्तमरावांच्या चेहऱ्यावर गेल्या अर्ध्या तासात प्रथमच रंग आला. "मग ते कागदांत बसत नाहीं. ड्यूटीवर गेला तर तो सुटला म्हणून कसं?"

"बरोबर! पाठलाग वेगळा!" लावण्या ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती आजोबांकडे बघत हसतही होती. "आई, ताताचं बरोबर आहे!"

तीन जण एका बाजूला आले होते. मुरलीनं मोबाइल काढला. "शंभर नंबरला करतो."

"अहो, थांबा," कल्पना म्हणाली.

"थांबू कशाला? चोर लांब जाईल. बॅगेत काय काय होतं, लावण्या? सांग, लिहून द्यावं लागेल."

"स्वेटर. शाल. डांगराचं पीठ. कनकाजीचं लोणचं..."

"फोन ठेवा म्हणते ना मी!"

मुरलीच्या कानाला लागलेल्या फोनमधून एक बाई तमिळमध्ये बोलू लागली होती.

•

कनकानं मोगऱ्याची दोरी दातानं तोडली. सुनेचा चेहरा तिला दिसत होता. हा चेहरा तिनं पूर्वी एकदाच पाहिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा कल्पना रसमात साखर घालून बसली होती आणि जेवायला अठरा माणसं होती. तेव्हाही कनकानं पातेलं पालथं पाडून 'माझा हात लागला' म्हणून सांगितलं होतं.

"मुरली, बंद कर तें," ती म्हणाली. "चोर नाहीं. मी नेली बॅग. प्रस्थान ठेवलं. पिल्लैयारापाशी. गेट माझ्याकडून राहिलं."

फोनमधली बाई 'हॅलो, हॅलो' करत राहिली. मुरलीनं तिची माफी मागून फोन बंद केला.

"आत्या! तू? आणि अर्धा तास गप्प बसलीस?"

"बोलूं नये. प्रस्थानाचा बोभाटा करायचा नसतो." हा नियम तिनं त्याच क्षणी केला होता.

राघोत्तमराव बहिणीकडे बघत राहिले. सात किलोची बॅग. कनकाला पाण्याची कळशी उचलता येत नव्हती म्हणून तीन वर्षांपूर्वी मोटर बसवली होती. त्यांनी काठी उचलली. "निळ्या बॅगवर दोन दिवस झोपला होता तो," ते म्हणाले. "चला."

राहुकालम पाऊण तास शिल्लक असताना पाचही जण गेटाबाहेर पडले. कनकानं हरकत घेतली नाही.

देऊळ म्हणजे चार माणसं उभी राहतील एवढं. बाजूच्या ओट्यावर, चपलांच्या ढिगापलीकडे, निळी बॅग होती आणि बॅगवर कलेक्टर होता. पुढचे दोन्ही पाय पट्ट्यांवर, मान ताठ. समोर तीन हातांवर पुजारी गुरुक्कळ आरतीचं ताट घेऊन खोळंबले होते.

"मामी," ते कनकाला तमिळमध्ये म्हणाले, "बॅग सांभाळा म्हणालात. कुत्राही ठेवताय हे सांगितलं नाहीत. अर्धा तास होऊन गेला, कुणाला ओट्यावर चढू देत नाही. दोघांनी यालाच नमस्कार केला."

राघोत्तमराव ओट्याच्या कडेला बसले. कलेक्टरनं बॅगवरून न उठता मान लांब करून त्यांचा अंगठा चाटला, मग पुन्हा मान ताठ केली.

"काय रे, कॉफी थंड झाली तुझी," ते म्हणाले. त्यांनी घसा खाकरला आणि गुरुक्कळांवर खापर फोडलं. "हा धूप फार घालतां तुम्ही."

"चला, बॅग घ्या, घरी चला," मुरली म्हणाला.

"बॅग घरीं नक्को!" कनका ओरडली.

"मग कुत्रा येणार कसा?"

हा खरा पेच होता. बॅगेशिवाय कलेक्टर हलत नव्हता, आणि बॅग घरी नेता येत नव्हती. लावण्यानं पट्टा ओढून पाहिला. मुरलीनं बिस्किट दाखवलं, ते गुरुक्कळांच्या पायाशी पडलं. मुरलीच वैतागून म्हणाला, "आत्या, हे सगळं थोतांड आहे. कल्पना, तू सांग तिला. चोवीस वर्षं सांगतेयस. उचल बॅग, घरी चल."

सगळ्यांनी कल्पनाकडे पाहिलं.

कल्पनानं बॅगेकडे पाहिलं. आत शाल होती, आणि शेजारी एक मुलगी होती जी आठ हजार किलोमीटर दूर एकटी राहणार होती.

"आत्यांनी हौसेनं ठेवलंय," ती म्हणाली. "कशाला मोडायचं? गाडी इथंच बोलवा. बाकीच्या बॅगा इथं आणा."

मुरलीचं तोंड उघडं राहिलं. ते बंद न करताच तो बॅगा आणायला गेला.

•

गाडी साडेपाचला आली. निघणं देवळासमोर, चपलांच्या ढिगात झालं. लावण्या अप्पांच्या पाया पडली, कनकाच्या पडली, मग ओट्यावर बसून कलेक्टरच्या फाटक्या कानात काहीतरी लांबलचक तमिळमध्ये बोलली. ऐकून झाल्यावर तो आपणहून बॅगवरून उतरला. कदाचित त्याचे पाय अवघडले असतील. तिनं बॅग उचलली आणि पट्टा आजोबांच्या हातात दिला.

गाडीचं दार उघडून ती थांबली. "आई. तिरुवळ्ळूरचं काय?"

मुरली पुढच्या सीटवर बसता बसता थांबला. कनकानं मोगऱ्याचा गजरा नातीच्या केसांत खोचण्यात अवाजवी वेळ घालवला. राघोत्तमरावांनी पट्टा हाताला दोन वेढे देऊन गुंडाळला.

"कागद कागद आहे," कल्पना म्हणाली. ती मागच्या सीटवर बसली, ओढणी सारखी केली. "पण त्या गेटाची कडी सैल आहे. केव्हापासून सांगतेय मी. जराशा वाऱ्यानं निसटते. त्याला कुणी काय करणार? तसं झालं तर ते सुटणं धरता येत नाही."

"सैल?" मुरली म्हणाला. "जानेवारीत मी स्वतः नवी कडी..."

"अहो, गाडीत बसा."

"होय की," कनका म्हणाली. "फार सैल."

कल्पनानं खिडकीतून सासऱ्यांकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत तिनं त्यांच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. राघोत्तमरावांनी आज सकाळीच, कॉफीनंतर, त्या कडीला तेल घालून तिचे चारही स्क्रू हातानं तपासले होते. एकही हलला नव्हता.

"अगदीं सैल," ते म्हणाले. "मीच तुला सांगणार होतों."

गाडी हंड्रेड फीट रोडकडे वळली. कलेक्टर दोन पावलं तिच्या मागे गेला, पट्टा ताणला गेला, आणि तो थांबून मागे अप्पांकडे पाहू लागला.

दोघं म्हातारे आणि कुत्रा घरी परतले. कनका गुडघे चोळत आत गेली. राघोत्तमरावांनी कलेक्टरला नारळाला बांधलं, थंड कॉफी त्याच्यापुढे सरकवली, आणि गाडीच्या शेडमधून स्क्रूड्रायव्हर आणला. गेटापाशी स्टूल घेऊन ते बसले. वरचे दोन स्क्रू त्यांनी दोन-दोन फेरे उलटे फिरवले, खालचे दोन एकेक. कडी हलवून पाहिली. खडखडली. मग त्यांनी आपल्या जुन्या पायजम्याची नाडी आणली आणि गेट खांबाला घट्ट बांधून टाकलं, तीन गाठी मारून.